तारेवरचा आकडा, कागदावरचा आकडा

ऊर्जेचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 2070 च्या नेट झीरोबद्दल (म्हणजे देश जेवढा कार्बन सोडेल तेवढाच शोषला जाईल) लिहिलं आणि त्यात माझी एक ढोबळ चूक राहून गेली. त्यामुळे या वेळच्या पिशवीतली निम्मी पत्रं कान धरणारी आहेत. आधी त्यांचं देणं देते.

"आपण लिहिलंत की भारतातली निम्मी वीज आता कोळशाशिवाय तयार होते. मी दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे बघत हा अंक वाचला. त्या तर धूर सोडत होत्या. आपण मेगावॅट आणि युनिट यांत गल्लत केलीत का?" (निवृत्त अभियंता, भुसावळ)

केली, साहेब. आणि तीस वर्षं वीजनियोजनाच्या धंद्यात काढून केली, म्हणून जास्त लाज वाटते. निम्मं झालं ते क्षमतेचं. 2025 च्या मध्यावर देशातल्या एकूण स्थापित क्षमतेतला बिगर-कोळसा, बिगर-गॅस भाग पन्नास टक्क्यांवर गेला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत हा वाटा तेव्हा साधारण चतुर्थांशच होता.

ज्यांना हा फरक रोज हाताळावा लागत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेगावॅट म्हणजे एका वेळी किती वीज देता येईल ती क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्षात दिलेली वीज. एक मेगावॅटचं सौर पॅनेल आपल्याकडच्या उन्हात वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतं. एक मेगावॅट कोळशाचा संच पासष्ट टक्के चालला तर सत्तावन्न लाखांच्या आसपास देतो. दोघांच्या पाटीवर मात्र एक मेगावॅटच लिहिलेलं असतं. एकानं रोज सहा भाकरी थापायच्या आणि दुसऱ्यानं वीस, पण हजेरीपटावर दोघी 'स्वयंपाकीण एक' अशाच.

या गल्लतीनं भल्याभल्यांची फसगत होते. 2006 साली किरीट पारीख समितीनं एकात्मिक ऊर्जा धोरणाचा अहवाल दिला. पारीख म्हणजे आपल्या गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक. त्यात 2031-32 साठी जवळपास 8 लाख मेगावॅट क्षमता लागेल असं म्हटलं होतं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या आराखड्यात त्याच वर्षासाठी 9 लाख मेगावॅट आहेत. वरवर पाहिलं तर वाटतं, वा, नेम बसला! पण या 9 लाखांतले साडेतीन लाखांहून जास्त नुसते सौर आहेत. पारीख समितीच्या हिशेबात सौर विजेला अशी जागा नव्हतीच. आकडा शेजारी येऊन बसला म्हणून गोष्ट तीच असते असं नाही. तर चूक मान्य, आणि दीपनगरकडे बघून अंक वाचत जा, माझ्यावर वचक राहील.

"ताई, मी लासलगावला कांदा नेतो आणि शाळेत गणित शिकवतो. पुढच्या महिन्यात कांद्याला काय भाव मिळेल हे मला कुणी सांगू शकत नाही. मग हे अर्थतज्ज्ञ 2050 साली देश किती वीज वापरेल, 2070 साली किती धूर सोडेल हे कुठल्या तोंडानं सांगतात?" (शिक्षक, निफाड तालुका)

गुरुजी, तुमच्या बाजूचा पुरावा आधी मीच देते. 2025 च्या उन्हाळ्यात देशाची विजेची कमाल मागणी 270 गिगावॅटपर्यंत (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) जाईल असा सरकारी अंदाज होता. मे महिन्यातच पाऊस येऊन धडकला, पंखे-एसी थंडावले, आणि मागणी 243 च्या पलीकडे गेली नाही. वर्षभराचा अंदाज, तोही एका पावसानं धुतला.

पण कांद्याचा भाव आणि पंचवीस वर्षांनंतरचा धूर यांची जात वेगळी आहे. कांदा चाळीतून निघाला की संपतो. यंदा सुरू झालेला कोळशाचा संच 2050 लाही उभा असतो. नाशिकच्या बाहेर आज जे टॉवर उठतायत, त्यांच्या भिंती, खिडक्यांची दिशा, छताचा जाडपणा हे सगळं तुमच्या नातवंडांपर्यंत टिकणार आहे. लांब पल्ल्याचं मॉडेल करणारा माणूस खरं म्हणजे अशा टिकाऊ वस्तूंची मोजदाद करत असतो. किती संच, किती घरं, किती भट्ट्या, कोण कधी निवृत्त होणार, त्याच्या जागी काय येणार. हवामानाचा एखादा बरा-वाईट हंगाम त्यात विरघळून जातो.

मग चूक कुठे होते? गणिताचे शिक्षक आहात, तर हे फळ्यावरच मांडू. जपानच्या योइची काया यांनी 1990 च्या सुमारास एक साधा गुणाकार मांडला. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, गुणिले दरडोई उत्पन्न, गुणिले उत्पन्नाच्या दर रुपयामागे लागणारी ऊर्जा, गुणिले त्या ऊर्जेच्या दर एककामागे निघणारा कार्बन. चारच खाती. जगातल्या मोठमोठ्या मॉडेलांच्या पोटात कुठेतरी हा गुणाकार सापडतोच.

आता 2025 ते 2070 ही पंचेचाळीस वर्षं घ्या. देशाचं उत्पन्न दरसाल 5 टक्क्यांनी वाढलं तर ते 9 पट होतं. 6 टक्क्यांनी वाढलं तर पावणेचौदा पट. उत्पन्नाच्या रुपयामागची ऊर्जा दरसाल 2 टक्क्यांनी घटली तर शेवटी 40 टक्के उरते, 3 टक्क्यांनी घटली तर 25. या दोन खात्यांचेच चार मेळ लावून बघा. लागणारी ऊर्जा आजच्या सव्वादोन पटीपासून साडेपाच पटीपर्यंत कुठेही जाते. इकडे एक टक्का, तिकडे एक टक्का, बस. मुलांना चक्रवाढ शिकवताना हे उदाहरण घ्या, बँकेच्या व्याजापेक्षा जास्त घाबरतील.

आमच्या कचेरीत एक्सेलची जी जुनी शीट होती, तिच्यात वाढीचा दर बी-14 या चौकोनात असे. सगळ्या बैठका त्या एका चौकोनावरून व्हायच्या. वित्त विभागाला तो आठ हवा असे, कारण सरकारी कागदात आठ होता. मी एकदा साडेसहा टाकून बघितला तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही देशाबद्दल इतक्या निराश का?" मी निराश नव्हते. पण आठ परत टाकला.

अशा आठ-नऊच्या चौकोनांचं काय होतं ते बघा. केंद्रीय वीज प्राधिकरण दर काही वर्षांनी देशभराचं वीज सर्वेक्षण करतं. 2011 च्या अखेरीस आलेल्या अठराव्या सर्वेक्षणानं 2021-22 साठी कमाल मागणी 283 गिगावॅट धरली. पाच वर्षांनंतरच्या एकोणिसाव्यानं त्याच वर्षासाठी 226 धरली. प्रत्यक्षात ती 203 च्या आसपास गेली. दहा वर्षांत ऐंशी गिगावॅटचा फरक! करोनावर ढकलू नका. 2016-17 चा अंदाजसुद्धा जवळपास 200 होता आणि मागणी 160 लाही टेकली नव्हती. तेव्हा करोना कुठे होता?

मला विचाराल तर यात तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, उद्योगांची भूक कागदावर जशी वाढत होती तशी जमिनीवर वाढली नाही. दोन, वाढ सरळ रेषेत ओढायची सवय. मागची दहा वर्षं आठ टक्के, म्हणून पुढची दहाही आठ. तीन, आणि ही मला सगळ्यात आवडते, दिवा. 2014 च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एलईडी बल्ब 310 रुपयांना पडत होता, 2016 मध्ये 38 रुपयांना. 2015 पासून उजाला योजनेत असे कोट्यवधी बल्ब वाटले गेले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट. संध्याकाळी साडेसातला, जेव्हा सगळ्यांच्या घरात दिवे लागतात, तेव्हाच्या मागणीतून हे वजा झालं. 2011 साली बसून कोणी 38 रुपयांचा बल्ब धरला असता तर त्याला बैठकीतून चहा पिऊन यायला सांगितलं असतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. 2009 ची. तेव्हा मी ज्या कंपनीच्या नियोजन विभागात होते तिथे शेतीपंपांची मागणी काढायचं काम माझ्याकडे होतं. पंपांना मीटर नव्हते, बिल हॉर्सपॉवरवर. म्हणून आम्ही धरायचो: पंप 5 एचपी, म्हणजे 3.73 किलोवॅट, वर्षाला 1250 तास. गुणाकार केला की 4662 युनिट. गुणिले पंपांची संख्या, गुणिले वाढीचा दर, झालं 2030 पर्यंतचं भविष्य तयार.

एकदा मी हट्टानं माण तालुक्यातल्या एका गावात गेले. वायरमन बरोबर होता, त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत टाँग टेस्टर, म्हणजे वायरीला अडकवून वीज मोजायचा चिमटा. विहिरीवरच्या मोटरीची पाटी पाच एचपीची. वायरीला टेस्टर लावला तर 5.6 किलोवॅट खेचत होती. शेतकरी हसला. म्हणाला, "चारदा आतली तार नव्यानं भरून आणलीय. भरणारा दरवेळी तार जाड घालतो." म्हटलं, तास किती चालते? तर विहीर तीन भावांत सामायिक, आणि पाळीवरून भांडणं होतात म्हणून थोरल्या वहिनींनी वही ठेवली होती. कोणत्या भावानं किती वाजता चालू केली, किती वाजता बंद. त्या वहीइतका स्वच्छ डेटा मी आयुष्यात नंतर पाहिला नाही. ओट्यावर बसून बेरीज केली. वर्षाचे 840 तास. फेब्रुवारीनंतर विहिरीला पाणीच नाही, मोटर चालणार कशाला?

5.6 गुणिले 840. उत्तर 4704 युनिट.

गुरुजी, माझं कागदावरचं उत्तर 4662 होतं. शंभराला एकाचासुद्धा फरक नाही! किलोवॅट चुकले होते, तास चुकले होते, आणि दोन्ही चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बरोबर उत्तर देत होत्या. परत आल्यावर साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग बदलायचं कशाला? युनिट तर जुळतायत.

जुळत होते, त्या वर्षापुरते. पण त्या गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दर हंगामात का जळते याचं उत्तर 3.73 मध्ये नव्हतं, 5.6 मध्ये होतं. रात्री वीज येते तेव्हा सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम पडतात आणि साऱ्या मोटरी एका क्षणात धक्का देतात. आणि पुढे पाणी खोल गेलं, किंवा कालवा आला, किंवा दिवसा सौर वाहिनीवरून वीज मिळायला लागली, तर तास एका दिशेनं बदलणार आणि किलोवॅट दुसऱ्या. तेव्हा या मैत्रिणींची फारकत होणार. आजचा आकडा जुळणाऱ्या मॉडेलवर मी तेव्हापासून जरा जास्तच संशय घेते.

आमच्या धंद्यात आकडा दोन प्रकारचा. एक कागदावर टाकायचा, एक तारेवर. महाराष्ट्रात बरीच वर्षं तारेवरचा आकडा शेतीपंपांच्या नावाखाली कागदावर लपवला गेला. मीटरच नाहीत, तर चोरी आणि गळती तिथे घातली की खातं जुळतं. 2000 साली वीज नियामक आयोगापुढे हिशेब उघडा पडला, तेव्हा शेतीचा वापर खाली आला आणि गळतीचा आकडा बराच वर गेला. अशा पायावर पंचवीस वर्षांचं मॉडेल उभारलं असतं तर त्यानं चोरीलाही दरसाल वाढीचा दर लावला असता. आम्ही लावलाच होता.

तेव्हा तुम्हाला 2050 चा आकडा कोणी दिला तर आकड्याशी भांडू नका. गृहीतकांचं पान मागा. ते नसेल तर तो कागद कांद्याच्या चाळीत पसरायच्या कामी येईल.

"मी एमए अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हवामानाच्या मॉडेलमध्ये डिस्काउंट रेटवरून इतका वाद का, हे सरांनी सांगितलं पण समजलं नाही. सोपं करून सांगाल का?" (विद्यार्थिनी, जळगाव)

सांगते, आणि कॅल्क्युलेटर घेऊन बस.

शंभर वर्षांनी हवामान बदलानं कुणाचं तरी 100 रुपयांचं नुकसान होणार आहे, महागाई वगळून. ते टाळायला आज किती खर्च करणं परवडतं? पुढच्या रुपयाची आजची किंमत काढताना तो दरसाल जितक्या टक्क्यांनी लहान धरायचा, तो डिस्काउंट रेट. 2006 साली ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामान बदलाचा जो अहवाल केला त्यात हा दर 1.4 टक्के होता. त्या दरानं उत्तर येतं 25 रुपये. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाऊस यांच्या त्या वेळच्या मॉडेलमध्ये दर 5 टक्क्यांच्या आसपास. उत्तर येतं 76 पैसे. आपल्याकडे वीजप्रकल्पाच्या कागदपत्रांत सर्रास नऊ-दहा टक्के धरतात. दहा टक्क्यांनी हाच हिशेब करून बघ. एक पैसासुद्धा येत नाही. पणतूचं घर बुडणार असेल तर ते वाचवायला दहा टक्केवाला माणूस पैसासुद्धा काढणार नाही, आणि तो दुष्ट आहे म्हणून नव्हे, त्याच्या शीटमध्ये तसं येतं म्हणून.

यातून पुढे कार्बनवर कर किती लावावा हे ठरतं. स्टर्न यांचं उत्तर टनाला 85 डॉलर, नॉर्डहाऊस यांचं तेव्हाचं दहाच्याही खाली. दोघांच्या विज्ञानात फार फरक नव्हता. समुद्र तोच, तापमान तेच. फरक मुख्यतः या एका दराचा.

नॉर्डहाऊस यांची बाजूही समजून घे, परीक्षेत एकतर्फी लिहू नकोस. 1970 च्या दशकात, जेव्हा अर्थशास्त्रज्ञांना कार्बन डायऑक्साइड सोड्याच्या बाटलीपलीकडे माहीत नव्हता, तेव्हा त्यांनी ऊर्जेच्या मॉडेलमध्ये त्याचं खातं उघडलं. 1992 मध्ये डाइस नावाचं मॉडेल मांडलं, 2018 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं, बाजारात भांडवलावर लोक खरोखर जो परतावा घेतात तोच धरा, कारण तेच पैसे शाळांत, दवाखान्यांत, सिंचनात घातले तर पणतू श्रीमंतच होईल. स्टर्न म्हणतात, न जन्मलेल्या माणसाला फक्त उशिरा जन्मला म्हणून कमी लेखायचा अधिकार आपल्याला नाही.

मी कुठल्या बाजूची? पुनर्वसन झालेल्या गावात वाढलेय. धरण बांधताना आमच्या आजोबांच्या आमराईची किंमत कोणी आणि कशी ठरवली हे ऐकत मोठी झाले. त्यामुळे मी स्टर्नकडे झुकते. हे अर्थशास्त्र नाही, हे तुझ्या पेपरात लिहू नकोस.

"तुमची मॉडेलं म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. पैसे टाका, चिठ्ठी काढा." (सांगली, सही वाचता आली नाही)

पोपटाबद्दल एक खरी हकीकत ऐका. व्हिएन्नाजवळ लॅक्सेनबुर्गच्या राजवाड्यात आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इयासा. तिथे अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून 2030 पर्यंतच्या जगाच्या ऊर्जेचं मॉडेल केलं आणि 1981 मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. बिल कीपिन नावाचा अमेरिकन तरुण तिथे आला आणि संगणकाच्या आत काय चाललंय ते तपासत बसला. त्याला दिसलं की जे निष्कर्ष म्हणून बाहेर पडत होतं, ते जवळजवळ तसंच्या तसं गृहीतक म्हणून आधीच आत घातलेलं होतं. मधला अवाढव्य संगणक काढून टाकला तरी कागद-पेन्सिलीनं तेच उत्तर येत होतं. 1984 मध्ये ब्रायन विन यांच्याबरोबर त्यानं ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलं.

म्हणजे सांगलीकर, तुमचं निदान अगदीच चुकीचं नाही. फक्त ते पोपटवाल्यांपैकीच एकानं चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

"माझी मुलगी मेरीलँडमध्ये जीकॅम नावाच्या मॉडेलवर काम करते. ती म्हणते हे मॉडेल साऱ्या जगासाठी आहे. मी तिला विचारलं, यात आपल्या सोलापूरचं कुठे आहे? तिला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल?" (वाचक, मूळचे सोलापूरचे, सध्या न्यू जर्सी)

तुमच्या मुलीचं मॉडेल चांगल्या घराण्यातलं आहे. 1980 च्या सुरुवातीला अमेरिकेत ओक रिजच्या ऊर्जा विश्लेषण संस्थेत जे एडमंड्स आणि जॉन रायली यांनी त्याचा पहिला अवतार केला. सगळं जग नऊ तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यात तेल, वायू, कोळसा, अणू, सौर यांचा पुरवठा, समोर मागणी, आणि सगळीकडे बाजार जुळेपर्यंत किमती वर-खाली करत राहायच्या. मग कार्बन मोजायचा. त्या नऊ तुकड्यांत सोलापूर सोडा, भारतही स्वतंत्र नव्हता. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या गाठोड्यात होता. आता जीकॅममध्ये भारत वेगळा आहे, दिल्लीतल्या संशोधन संस्था ते भारतासाठी वापरतातही.

पण तुमच्या प्रश्नाचा रोख वेगळा आहे, बरोबर? अशी मॉडेलं सगळ्या जगाचा मिळून कमीत कमी खर्च शोधतात. टनभर कार्बन कुठे स्वस्तात वाचतो? जिथे संच अजून बांधायचा आहे तिथे. म्हणजे आपल्याकडे. शिवाय उत्पन्नवाढीची गृहीतकं आत घालतानाच गरीब देश मागे राहतील असं धरलेलं असतं. तेजल कानिटकर, टी. जयरामन या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या, सहाव्या अहवालातले उत्सर्जन कमी करायचे शेकडो मार्ग तपासले. त्यांना आढळलं की 2050 सालीही दक्षिण आशिया आणि आफ्रिकेचा दरडोई ऊर्जावापर श्रीमंत देशांच्या खूपच खाली ठेवलेला आहे. म्हणजे जग वाचतं, पण आपली सून चुलीपुढेच. मॉडेलनं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. खर्च कमी कर एवढंच त्याला सांगितलं होतं, न्याय कर असं कुणी सांगितलंच नव्हतं.

याची उलटी वाट आपल्या इकडच्याच माणसानं दाखवली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी. कर्नाटकाच्या वीज आराखड्यानं 2000 साठी भली मोठी मागणी काढली, तेव्हा रेड्डी आणि सहकाऱ्यांनी उलटीकडून सुरुवात केली. माणसांना वीज नको असते, उजेड हवा असतो, थंड पाणी हवं असतं, शेताला पाणी हवं असतं. किती घरांना किती उजेड, तो कोणत्या दिव्यानं, असं खालून मोजत गेले. 1991 मध्ये छापलेलं त्यांचं उत्तर सरकारी मागणीच्या निम्म्याहूनही कमी होतं, आणि तेही प्रत्येक घरात वीज धरून. माझ्या माण तालुक्याच्या फेरीमागे ही प्रेरणा होती. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं अलीकडे रूमी नावाचं सर्वांना मोफत वापरता येणारं मॉडेल केलं आहे, त्यातही मागणी अशीच खालून, उपकरणांपासून बांधता येते. मुलीला सांगा, सुट्टीत आली की त्यात सोलापूर घालून बघ. यंत्रमाग विसरू नको म्हणावं.

"यंदा घरात पहिल्यांदा एसी घेतला. मुलगा म्हणतो, आई तू पृथ्वी तापवतेस. खरंच का?" (गृहिणी, नागपूर)

नागपूरच्या मे महिन्यात मुलाला गच्चीवरच्या खोलीत झोपवा, मग विचारा.

हिशेब सांगते. माझ्या दीड टनाच्या पाच स्टारवाल्या एसीच्या लेबलवर 1600 तासांना 760 युनिट लिहिलेत. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सध्या साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला सव्वापाचशे-साडेपाचशे किलो. कमी नाही. पण मॉडेलवाल्यांची झोप तुमच्या एका एसीनं उडत नाही. 2019 च्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात म्हटलंय की वीस वर्षांत थंडाव्याची एकूण गरज आठपट होईल. ती रात्री अकराला लागते, जेव्हा सौर पॅनेल झोपलेलं असतं. तुम्ही 24 वर ठेवता आणि वर पंखा लावता की 18 वर ठेवून रजई घेता, यावरून पुढच्या वीस वर्षांत किती संच लागतील यात खरोखर फरक पडतो. रजईवाले असाल तर मुलगा बरोबर आहे.

"मी नववीत आहे. मला पण असं मॉडेल करायचं आहे. कोणतं सॉफ्टवेअर लागतं?" (विद्यार्थी, चिपळूण)

सॉफ्टवेअर नको. वही आणि घरचं लाइटबिल घे. बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटांचे उभे खांब असतात, ते उतरवून घे. मग घरभर फिरून प्रत्येक वस्तू लिही: किती वॅट, रोज किती तास. पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री. गुणाकार करून हजारानं भाग, महिन्याचे युनिट काढ, बेरीज कर.

पहिल्यांदा ती बिलाशी जुळणार नाही. बहुतेक फ्रिजपाशी अडशील, कारण तो दिवसभर चालू दिसतो पण आतला कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबतो. फ्रिजला कान लावून बस, एका तासात किती मिनिटं गुरगुरतो ते घड्याळ लावून मोज. आई काय करतोस विचारेल, तिला सांग डेटा गोळा करतोय. मग ठरव: पाच वर्षांनी घरात काय नवीन येईल, काय जाईल? ताईचं लग्न होईल का, आजी येऊन राहतील का, एसी येईल का? तीन वेगवेगळे अंदाज कर आणि प्रत्येकाशेजारी तू काय धरलंस ते लिही.

ते पान मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. फ्रिज किती जुना आहे ते लिहायला विसरू नकोस.